संतचरित्रे आणि अनुकरणाचा प्रश्न

माझी मावशी शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळून होती, तेव्हाची गोष्ट. तिच्या उशाशी जपमाळ, पवित्र पाण्याची बाटली आणि बाळ येशूच्या संत तेरेजाचे एक छोटेसे चरित्र एवढ्या तीन वस्तू कायम असत. आयुष्यभर तिने त्या चरित्राची पारायणे केली होती. एके संध्याकाळी मी भेटायला गेलो असता तिने ते पुस्तक माझ्या हाती ठेवले आणि म्हणाली, “हे घेऊन जा तू. ती मरताना हसत होती. मला तर प्रार्थनासुद्धा सुचत नाही. वर कुणी आहे की नाही, असंही कधीकधी मनात येतं. माझा विश्वास कच्चाच राहिला बघ.” मी समजुतीचे चार शब्द बोललो. ते तिच्यापर्यंत पोहोचले नाहीत, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी तेरेजाचे मूळ लेखन माझ्या वाचनात आले. मावशीला ज्या अंधाराची लाज वाटत होती, त्याच अंधारात तेरेजाने आपल्या आयुष्याचे शेवटचे दीड वर्ष काढले होते आणि ते तिने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते. मावशीच्या उशाशी असलेल्या पुस्तकात त्यातले अक्षरही नव्हते. जे पुस्तक तिला आधार द्यायला हवे होते, त्यानेच तिला एकटे पाडले होते. तेव्हापासून आपल्या संतचरित्रांकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो.

आदर्श व्यक्तींचे अनुकरण ही ख्रिस्ती जीवनातली फार जुनी शिकवण आहे. मी ख्रिस्ताचे अनुकरण करतो तसे तुम्ही माझे करा, अशा आशयाचे आवाहन संत पौलाने करिंथ येथील ख्रिस्तसभेला केले होते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात तर या विषयाचे एक सूत्रच सापडते. ज्यांनी तुम्हांला देवाचे वचन सांगितले त्यांची आठवण ठेवा, त्यांच्या जीवनाची परिणती कशी झाली ती न्याहाळा आणि त्यांच्या विश्वासाचे अनुकरण करा, असे पत्रकर्ता सुचवतो. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. आधी न्याहाळायला सांगितले आहे, अनुकरण त्यानंतरचे. आणि अनुकरण करायचे आहे ते विश्वासाचे; उपासतापासांचे, वेषाचे वा चमत्कारांचे नाही. चरित्रवाङ्मयाला याहून चांगली कसोटी मला तरी ठाऊक नाही. वाचकाला संताचे जीवन नीट न्याहाळता येते काय? आणि त्या जीवनात विश्वास कसा घडत गेला, हे त्याला दिसते काय?

या कसोटीवर आपल्याकडची बहुसंख्य संतचरित्रे तोकडी पडतात, असे खेदाने म्हणावे लागते. मी बोलतो आहे ते सणासुदीला निघणाऱ्या पुस्तिकांविषयी, नोव्हेनांच्या पुस्तकांतील चार पानी परिचयांविषयी आणि वेदीवरून ऐकू येणाऱ्या चरित्रकथनाविषयी. त्यांचा साचा ठरलेला असतो. संत धर्मपरायण मातापित्यांच्या पोटी जन्माला येतो. इतर मुले खेळत असताना तो प्रार्थना करतो. त्याला मोह होतात. पण ते पुढच्याच वाक्यात पराभूत होतात. त्याचा छळ करणारे सगळे दुष्ट असतात आणि मृत्यूच्या वेळी त्याच्या मुखावर दिव्य तेज असते. या साच्यात नाव तेवढे बदलले की पुढचे चरित्र तयार! लिहिणाऱ्याचा हेतू अर्थातच भक्तीचा असतो. परंतु वाचणाऱ्याच्या मनात नकळत एक निष्कर्ष तयार होतो : हे लोक मुळातच निराळ्या मातीचे होते, आपण त्यांच्यापुढे मेणबत्ती लावावी आणि आपल्या कामाला लागावे. आदराने घेतलेली ही रजाच असते. शेवटी “आपणही त्यांचे अनुकरण करू या” असे वाक्य येते खरे. पण ते वाक्य खरे वाटावे असे त्याआधीच्या चार पानांत काहीच आलेले नसते.

संतचरित्रांचे सामर्थ्य काय असते आणि त्यांचा धोका कोणता, हे एका वाचकाच्या उदाहरणावरून चांगले समजते. हा वाचक म्हणजे संत इग्नेशियस लोयोला. मे 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. लोयोलाच्या वाड्यात पडल्या पडल्या त्यांनी शूर सरदारांच्या अद्भुत कथा वाचायला मागितल्या. तशी पुस्तके घरात नव्हती. म्हणून त्यांच्या हाती एक ख्रिस्तचरित्र आणि एक संतचरित्रांचा संग्रह देण्यात आला. त्या वाचनाने त्यांचे आयुष्य बदलले, हे सर्वश्रुत आहे. मात्र पहिला बदल कसा होता, हे त्यांनी उत्तरायुष्यात सांगितलेल्या आत्मकथनातून कळते आणि ते मोठे उद्बोधक आहे. फ्रान्सिसने अमुक केले, डॉमिनिकने तमुक केले, तर मीही ते करून दाखवीन, अशी ती ईर्षा होती. सरदार अजून सरदारच होता. फक्त रणांगण बदलले होते. पुढे 1522 साली मान्रेसा येथे त्यांनी केस व नखे वाढू दिली, कठोर उपास केले, प्रकृतीची हेळसांड केली. आपण पुस्तकात वाचलेल्या तपस्व्यांसारखे दिसावे, असा तो प्रयत्न होता.

यातून ते बाहेर पडले. केस कापले, नखे काढली. नंतर 1524 च्या सुमारास, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, बार्सिलोनात लहान मुलांच्या बरोबरीने ते लॅटिनचे धडे घोकायला बसले. लोकांच्या उपयोगी पडायचे तर शिकले पाहिजे, एवढा साधा विचार त्यामागे होता. त्यांनी वाचलेल्या संग्रहातल्या कोणाची नक्कल म्हणून ते त्या बाकावर बसले नव्हते. आणि तरीही त्या संतांचे खरे अनुकरण इग्नेशियसांनी केले ते तिथेच, असे मला वाटते. फ्रान्सिसचा विश्वास त्यांनी घेतला आणि तो स्वतःच्या आयुष्यात, स्वतःच्या वयात, स्वतःच्या अडचणींत राबवला. नक्कल आणि अनुकरण यांत हे अंतर आहे. ज्या चरित्रात फक्त बाह्य कृत्यांची यादी असते, ते वाचकाला नक्कल शिकवते. ती साधली नाही की वाचक निराश होतो.

आता तेरेजाकडे वळू. तिचे उदाहरण समीक्षेच्या दृष्टीने विशेष मोलाचे आहे. कारण येथे संताचे स्वतःचे लेखन, त्यावर झालेले संस्कार आणि त्या संस्कारांचे परिणाम हे तिन्ही आपल्याला तपासता येतात.

तेरेजाचा जन्म 2 जानेवारी 1873 चा, फ्रान्समधील आलाँसाँ गावचा. पंधराव्या वर्षी ती लिज्यू येथील कार्मेल मठात दाखल झाली आणि 30 सप्टेंबर 1897 रोजी, अवघ्या चोविसाव्या वर्षी, क्षयाने वारली. तिच्या आठवणी तीन निरनिराळ्या हस्तलिखितांत आहेत. पहिले तिने 1895 मध्ये आपली सख्खी बहीण आणि तेव्हाची मठप्रमुख मदर अ‍ॅग्नेस हिच्यासाठी लिहिले. दुसरे सप्टेंबर 1896 मध्ये दुसऱ्या बहिणीसाठी. तिसरे मृत्यूच्या काही महिने आधी, जून 1897 मध्ये, मदर मारी द गोंझाग यांच्यासाठी. तिच्या मृत्यूला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी ‘एका आत्म्याची कथा’ या अर्थाच्या नावाने हे लेखन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पहिल्या आवृत्तीच्या 2000 प्रती होत्या. पुढे हे पुस्तक जगभर गेले. 1925 साली पोप अकरावे पायस यांनी तेरेजाला संतपद दिले.

परंतु जगाने वाचलेले पुस्तक तेरेजाने लिहिले होते तसे नव्हते. मदर अ‍ॅग्नेसने त्यात सात हजारांच्या आसपास लहानमोठे बदल केले होते. तीन वेगवेगळ्या व्यक्तींना उद्देशून असलेले लेखन एकाच व्यक्तीला उद्देशून आहे असे दाखवले गेले. प्रकरणे पाडली गेली, भाषा घोटून गुळगुळीत करण्यात आली. या बहिणीवर दोषारोप करणे अन्यायाचे होईल. हवे ते गाळण्याची व घालण्याची मुभा तेरेजानेच तिला दिली होती. त्या काळची रीतही तशीच होती, आणि त्या संपादनामुळेच कदाचित पुस्तक हजारो घरांत पोहोचले. तरीही मूळ हस्तलिखिते 1956 साली छायाप्रतीच्या रूपात प्रसिद्ध झाली, तेव्हा वाचकांना एक निराळीच तेरेजा भेटली : अधिक रोखठोक, अधिक विनोदी आणि अधिक बळकट. छायाचित्रांचेही तसेच. तिची बहीण सेलीन हिने मठात कॅमेरा नेला होता. त्यामुळे तेरेजाची अस्सल छायाचित्रे उपलब्ध होती. पण प्रसारात आली ती सेलीनने हात फिरवून गोड केलेली चित्रे. खरी छायाचित्रे लोकांना पाहायला मिळाली ती 1961 मध्ये. आपल्या घरांतल्या तसबिरींत गुलाब हाती घेतलेली जी कोमल मुलगी दिसते, तिच्याशेजारी ते रुंद हनुवटीचे, थकलेले, निश्चयी तोंड ठेवून पाहावे. प्रार्थना कोणापुढे करावी हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण संकटात सल्ला मागायचा तर मी त्या दुसऱ्या चेहऱ्याकडे जाईन.

हस्तलिखितांतली तेरेजा काय सांगते? प्रार्थनेच्या वेळी आपल्याला वर्षानुवर्षे झोप येत आली, हे ती कबूल करते. एकटीने जपमाळ म्हणणे आपल्याला फार जड जाते, याची लाज वाटते, असेही ती लिहिते. प्रार्थनेला बसल्यावर मागच्या बाजूला एक भगिनी सतत बारीकसा आवाज करत असे. मागे वळून तिच्याकडे रोखून पाहण्याचा मोह आवरताना तेरेजाला घाम फुटे. कपडे धुताना समोरची भगिनी घाणेरडे पाणी तोंडावर उडवी. एका भगिनीचे तर बोलणे, चालणे, स्वभाव काहीच तिला आवडत नसे. तिच्याशी तेरेजा इतक्या प्रेमाने वागली की, माझ्यात तुला एवढे काय आवडते, असे त्या भगिनीनेच तिला विचारले. हे सारे वाचताना मठाच्या भिंती विरघळतात आणि आपले स्वयंपाकघर, आपली चाळ, आपल्या सुनासासवा आणि जावा दिसू लागतात. तेरेजाला आलेला राग येथे लपवलेला नाही, म्हणूनच तिच्या प्रेमाची किंमत कळते. राग वगळा, की उरते ते फक्त गोड हसू. आणि गोड हसू काही कोणाला शिकता येत नाही.

यापेक्षाही महत्त्वाचा भाग तिसऱ्या हस्तलिखितात आहे. 1896 च्या पुण्यसप्ताहात, गुरुवार सरून शुक्रवार उजाडण्याच्या रात्री, तिला पहिल्यांदा रक्ताची उलटी झाली. त्यानंतर काही दिवसांतच, पुनरुत्थानाच्या आनंदकाळात, तिच्या मनात दाट काळोख शिरला. स्वर्ग आहे हा विचार, जो तिला लहानपणापासून सर्वांत गोड वाटत असे, तोच यातनेचे कारण झाला. मृत्यूनंतर तुझ्या आशेतले काहीही मिळणार नाही, मिळेल तो याहून गडद काळोख, शून्याचा काळोख, असे कोणी आपल्याला हिणवते आहे असे तिला वाटे. आपल्या आणि आकाशाच्या मध्ये भिंत उभी राहिली आहे, असे ती म्हणते. याच काळात ती स्वर्गाच्या आनंदाची गीते रचत होती. इतरांना वाटे, हिला केवढा आनंद होत असेल! ती मात्र सांगते की, मला तो आनंद जाणवत नाही. ज्यावर विश्वास ठेवण्याची माझी इच्छा आहे, तेच मी गाते. तिने स्वतःच्या रक्ताने मतांगिकार लिहिला आणि तो हृदयाशी बाळगला. विश्वासाची जेवढी कृत्ये आपण या एका वर्षात केली, तेवढी उभ्या आयुष्यात केली नव्हती, अशी तिची साक्ष आहे.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राने ज्याचे अनुकरण करायला सांगितले, तो विश्वास हा. जाणवत नसताना धरून ठेवलेला. माझ्या मावशीने शेवटच्या दिवसांत नेमके हेच केले होते. प्रार्थना सुचत नसताना तिची बोटे जपमाळेच्या मण्यांवरून फिरत असत, हे मी पाहिले आहे. ती तेरेजाचे अनुकरणच करीत होती, आणि आपण तिच्यापासून दूर गेलो असे समजून रडत होती.

संतांना असे माणसांत आणून ठेवले तर त्यांचा मान कमी होणार नाही काय, असा आक्षेप कोणी घेईल. श्रद्धावंत घरांतून हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो. म्हणून त्याचे उत्तर तेरेजाच्याच मुखातून द्यावे. मृत्यूच्या सुमारे सहा आठवडे आधी, ऑगस्ट 1897 मध्ये, तिने पवित्र मरियेवरील प्रवचनांविषयी आपले मत सांगितले. मरियेला आपल्या आवाक्याबाहेरची करून दाखवतात. खरे म्हणजे ती अनुकरणीय आहे, तीही आपल्यासारखीच विश्वासाने जगली, हे दाखवायला हवे, असा त्याचा आशय होता. ज्या गोष्टींचा पुरावा नाही त्या कल्पनेने रचून सांगू नयेत, हेही तिने बजावले. तेरेजाचे हे उद्गार टिपून ठेवले ते त्याच मदर अ‍ॅग्नेसने! मरियेच्या बाबतीत जो न्याय, तोच इतर संतांच्या बाबतीत. 1997 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तेरेजाला ख्रिस्तसभेच्या आचार्यांत स्थान दिले; तिची ही शिकवण चरित्रकारांनीही गंभीरपणे घ्यायला हरकत नाही.

याच घराण्यातले आणखी एक उदाहरण कुटुंबवत्सल वाचकांसाठी देतो. तेरेजाचे वडील लुई मार्टिन यांना मनोविकाराने ग्रासले आणि तीन वर्षांहून अधिक काळ ते काँ येथील मनोरुग्णालयात होते. गावात कुजबुज झाली, मुलींनी अपमान सोसला. आई झेली लेसचा व्यवसाय सांभाळत नऊ बाळंतपणांतून गेली, चार मुले तिने लहानपणीच गमावली आणि स्वतः स्तनाच्या कर्करोगाने 1877 मध्ये वारली. या पतिपत्नींना 2015 साली एकत्रच संतपद देण्यात आले. घरातील मनोरुग्णाला पाहुण्यांपासून लपवणाऱ्या आपल्या समाजाला, ज्यांनी मनोरुग्णालयाची पायरी चढली असे एक संत वेदीवर आहेत, हे कोणी सांगितले आहे काय?

मराठीत असे सत्य सांगणारे ख्रिस्ती चरित्रलेखन झालेच नाही, असे मात्र नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्या कॅथलिक परंपरेतली नव्हेत. पण या बाबतीत आपण त्यांच्याकडे शिकवणीला बसावे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पत्नीच्या संसाराची वाताहत झाली. ही पत्नी पुढे स्वतः त्याच वाटेने गेली. पण काही वर्षांनी, आणि स्वतःच्या पायांनी. पतीचे देवपण रंगवण्याचा तिला अधिकारही होता आणि निमित्तही होते. तिने रंगवला तो तापट, लहरी, हाती पैसा न टिकणारा आणि तरीही अंतःकरणाने थोर असा माणूस. स्वतःच्या मनातली जातीची अढी कशी सुटत गेली, हेही तिने न लपवता सांगितले. वाचक हसतो, चिडतो आणि शेवटी त्या दोघांपुढे नतमस्तक होतो. सत्य सांगितल्याने मान कमी होतो, ही भीती लक्ष्मीबाईंनी मराठीपुरती तरी कायमची खोटी ठरवली आहे.

मग आपल्या घरच्या संताचे काय? वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने येथे ख्रिस्तमंदिर आहे, महाविद्यालय आहे. त्यांच्याविषयी मुलांना विचारले तर उत्तर मिळते : जपानमध्ये क्रुसावर मेले. ते खरेच आहे. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसावर खिळवून भाल्यांनी ठार करण्यात आले, त्यांत ते होते. 1862 साली त्यांना संतपद मिळाले. पण हा एका दिवसाचा वृत्तान्त झाला. त्याआधीची सुमारे चाळीस वर्षे आपण दोन वाक्यांत उरकतो.

त्या चाळीस वर्षांत काय आहे? पोर्तुगीज पिता आणि येथलीच माता यांच्या पोटी वसईत जन्मलेला एक मुलगा येशूसंघीयांकडे शिकतो, पोरवयात त्यांच्याबरोबर जपानला जातो. तेथील भाषा आत्मसात करतो, धर्मशिक्षणाच्या कामात वर्षानुवर्षे राबतो. त्याला येशूसंघात प्रवेश हवा असतो. तो मिळत नाही. तो व्यापारात शिरतो. पुढे मनिलात फ्रान्सिसकन संघात दाखल होतो, तोही धर्मगुरू म्हणून नव्हे, बंधू म्हणून. आणि 1593 मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर जपानला परततो तो दुभाषा म्हणून. कारण नकार पचवलेल्या त्या वर्षांत शिकलेली भाषाच आता ख्रिस्तसभेच्या उपयोगी पडणार असते.

ज्या चरित्राला खरे वाचक मिळावेत, ते चरित्र येथे आहे. हव्या त्या अभ्यासक्रमाला प्रवेश न मिळालेला मुलगा, सेमिनरीतून परत आलेला तरुण, आखातात नोकरीला गेलेला आणि परक्या भाषेत दिवस काढणारा बाप, दुसऱ्याचे शब्द पोहोचवण्याचेच काम ज्यांच्या वाट्याला येते अशा आपल्या धर्मशिक्षिका, या सगळ्यांना गोन्सालो सांगण्यासारखे काही आहे. क्रूस आपल्यापैकी फारच थोड्यांच्या वाट्याला येईल. नकार मात्र प्रत्येकाच्या वाट्याला येतो. नकारानंतरही ज्याने देवाचा आणि जपानी माणसांचा हात सोडला नाही, त्याचाच पाय नागासाकीच्या टेकडीवर डगमगला नाही, असा संबंध चरित्रकाराने दाखवला पाहिजे.

तेव्हा आपल्यापैकी जे कोणी पुढच्या सणासाठी पुस्तिका लिहायला, एकांकिका बसवायला किंवा प्रवचन तयार करायला घेतील, त्यांना एका वाचकाची विनंती आहे. संताच्या मृत्यूला एक पान द्या आणि त्याच्या थांबून राहण्याला तीन द्या. जे ठाऊक नाही ते रचू नका. जे ठाऊक आहे ते झाकू नका. त्याला राग कशाचा येई, तो कोठे चुकला, देव गप्प राहिला तेव्हा त्याने काय केले, हे सापडत असेल तर आवर्जून लिहा.

मावशीने परत केलेले ते पुस्तक अजून माझ्या कपाटात आहे. त्यात तेरेजाच्या तिसऱ्या हस्तलिखितातील मजकुराचा आशय मी माझ्या हाताने लिहून चिकटवून ठेवला आहे. नात्यातले, ओळखीतले कोणी अंथरुणाला खिळले की ते पुस्तक मी घेऊन जातो, आणि आधी ते चिकटवलेले पान वाचून दाखवतो.